गणिताच्या तासाला उभं राहताना: सोलापुरातल्या बी.एड. प्रशिक्षणार्थींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. दरवर्षी बी.एड.ची मुलंमुली इंटर्नशिपला येतात. ज्यांचा अध्यापन पद्धतीचा विषय गणित असतो ती माझ्याकडे येतात आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना साधारण तेच प्रश्न विचारतात. ते इथे उत्तरांसकट लिहून काढलेत. कॉलेजच्या नोट्समध्ये वेगळं असेल तर परीक्षेत ते लिहा, वर्गात हे करून बघा.

इंटर्नशिपच्या एवढ्याशा काळात शिकवायला जमू लागतं का?

काळ काही एवढासा नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांप्रमाणे २० आठवडे शाळेत काढायचे असतात: ४ पहिल्या वर्षी, १६ दुसऱ्या वर्षी. एका वर्गाला एखादं अख्खं प्रकरण शिकवून, त्याची चाचणी घेऊन, पेपर तपासून, परत वर्गात जाऊन चुका सांगता येतील इतका हा वेळ आहे. अडचण होते ती वेळ फुटकळ गेल्यामुळे. आज आठवी अ, उद्या नववी क, परवा कुणी रजेवर म्हणून सहावीचा बदली तास. अशाने पाठांची संख्या भरते, पण एकाही मुलाचं नाव तोंडात बसत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी पर्यवेक्षकांना नम्रपणे विचारा की एकच तुकडी सलग मिळेल का. बहुतेक ठिकाणी मिळते. विचारतच कुणी नाही.

हात थरथरतात, आवाज बसतो, खडू तुटतो. हे फक्त मलाच होतं का?

सगळ्यांना होतं. खडू तुटतो कारण तो अख्खा धरून फळ्यावर सरळ दाबला जातो. अर्धा करून घ्या, तिरका धरा. आवाज बसतो कारण तुम्ही पहिल्या मिनिटापासून शेवटच्या बाकापर्यंत ओरडत असता. थरथर आपोआप जाते, तिच्यावर इलाज शोधत बसू नका.

पहिलं वाक्य मात्र ठरवून जा, आणि ते गणिताचं असू द्या. "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण अतिशय सोपा घटक शिकणार आहोत" हे नको. (ज्याला तो सोपा वाटणार नाही, त्याला तुम्ही सुरुवातीलाच ढ ठरवलंत.) त्याऐवजी: "फळ्यावर एक चौकोन काढलाय. त्याचा एक कर्ण काढा आणि किती त्रिकोण झाले ते वहीत लिहा." साठ माना वहीत खाली गेल्या की तुमच्याकडे कुणी बघत नसतं. तेवढ्यात श्वास घ्या, बाकांमधून एक चक्कर मारा. परत फळ्यापाशी याल तेव्हा आवाज ठिकाणावर आलेला असतो.

बी.एस्सी. गणित करून आलो, तरी नववीचं गणित समजावताना अडखळतो. माझंच गणित कच्चं आहे का?

कच्चं नाही. तुम्हाला उत्तर कसं काढायचं ते येतं. मुलं कुठे घसरणार ते अजून माहीत नाही. वर्गात जी घबराट होते ती बहुतेक वेळा त्यातूनच होते, कारण मुलाने भलतंच काही उत्तर दिलं की ते कुठून आलं हेच कळत नाही.

आदल्या रात्री पुस्तकातला सरावसंच पूर्ण सोडवा. वहीत, पेनाने, एकही पायरी न गाळता. मग प्रत्येक उदाहरणाशेजारी वेगळ्या शाईने लिहा: इथे मूल काय चुकीचं लिहील?

दहावीचं वर्गसमीकरण घेऊ. एक्स स्क्वेअर बरोबर पाच एक्स. निम्मा वर्ग दोन्हीकडचा एक एक्स कटवणार आणि उत्तर लिहिणार, एक्स बरोबर ५. आता तुम्ही "चूक" म्हणालात, पाच एक्स डावीकडे नेलेत, एक्स सामाईक काढून ० आणि ५ अशी दोन मुळं लिहिलीत, तर मुलं ते उतरवून घेतील आणि चाचणीत पुन्हा कटवतील. तसं करू नका. म्हणा, "ठीक, ५ ठेवून ताळा बघा. जमला? आता ० ठेवून बघा." दोन्ही बाजू शून्य येतात तेव्हा बाकांवर चुळबुळ सुरू होते आणि मागून कुणीतरी विचारतं, "मग शून्य गेलं कुठं ओ बाई?" हा प्रश्न मुलांकडून आला की पुढचं सांगणं अगदी सोपं: आपण एक्सने भागलं, पण एक्सच शून्य असेल तर भागता येत नाही, म्हणून ते उत्तर आपल्या हातून निसटलं.

अशा चुका फार नसतात, त्याच त्या फिरून येतात. ए अधिक बी या कंसाचा वर्ग करताना मधला दोन एबी गाळायचा. ९ अधिक १६ चं वर्गमूळ ३ अधिक ४, म्हणजे ७ लिहायचं (येतं ५). उणे ३ चा वर्ग उणे ९. तीन एक्स बरोबर १२ असलं की पक्षांतराच्या भरात ३ चं चिन्हही बदलायचं आणि १२ भागिले उणे ३ करायचं. शाळा पहिल्या आठवड्यात तुम्हाला वह्यांचे गठ्ठे तपासायला देते तेव्हा पोरं कुरकुरतात, "आम्हाला राबवून घेतात." तो गठ्ठा आनंदाने घ्या. वीस वह्या नीट बघितल्यात, कोणती चूक किती जणांची ते मागच्या पानावर लिहून ठेवलंत, तर त्या वर्गासमोर तुम्ही कोरे जात नाही. पुढचा मुलगा काय म्हणणार याचा अंदाज असतो, आणि आत्मविश्वास म्हणतात तो बऱ्याच अंशी एवढाच असतो.

मुलाने प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही तर?

"चांगला प्रश्न आहे, मला बघावं लागेल, उद्या सांगते" असं म्हणा, फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव लिहा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा. विसरलात तर मात्र मुलं विसरत नाहीत.

काही प्रश्न दरवर्षी येतात, त्यांची तयारी करूनच जा. "पाय अपरिमेय आहे म्हणता, मग बावीस सप्तमांश कसा?" नववीत वास्तव संख्या शिकवताना हा ठरलेला. २२ ला ७ ने फळ्यावर भागून दाखवा: ३.१४२८५७ आणि मग १४२८५७ पुन्हा पुन्हा. पाय मात्र ३.१४१५९२ असा पुढे जातो. दुसऱ्या दशांश स्थळापर्यंतच दोघांची सोबत. म्हणजे २२/७ ही पायची किंमत नव्हे, कामचलाऊ किंमत. "उणे गुणिले उणे अधिक का?" याला नियम सांगू नका. उणे ३ गुणिले २ बरोबर उणे ६, उणे ३ गुणिले १ बरोबर उणे ३, उणे ३ गुणिले ० बरोबर शून्य, अशा एकाखाली एक ओळी लिहा. उत्तर दरवेळी तीनने वाढतंय. पुढची ओळ, उणे ३ गुणिले उणे १, मुलंच सांगतील.

फळ्यावर माझीच चूक झाली तर?

खोडा, दुरुस्त करा, पुढे चला. कुणी दाखवून दिली असेल तर त्याचं नाव घेऊन "बरोबर" म्हणा. "मी मुद्दाम केली होती, तुमचं लक्ष आहे का बघत होते" ही थाप मुलांना पाचवीपासून माहीत असते.

मुलं मनावरच घेत नाहीत. "बी.एड.चे सर आहेत, चार दिवसांचे पाहुणे" असं चालतं. वर्ग कसा आवरायचा?

हे खरं आहे, आणि त्यात मुलांचं काही चुकत नाही. तुमच्या आधीचेही आले आणि गेले.

नावं पाठ करा. हजेरीच्या वहीवरून बसण्याचा तक्ता करून टेबलावर ठेवा. "ए, निळी बॅग" आणि नावाने मारलेली हाक यात पूर्ण तासाचा फरक पडतो. आमच्याकडे तेलुगू, कन्नड आडनावं पुष्कळ. उच्चार चुकला की वर्ग हसतो आणि ज्याचं नाव आहे तो खाली बघतो. एकदा त्यालाच विचारून घ्या.

लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका, फळ्याला खांदा लावून तिरकं उभं राहा. एका ओळीनंतर वळून बघा. आणि लांबलचक सिद्धता लिहायची असेल तर मुलांच्या हाताला आधी काम द्या: पक्ष आणि साध्य त्यांनी लिहायचं, आकृती तुम्ही काढायची. गोंधळ बहुतेक वेळा रिकाम्या हातांचा असतो.

गप्प राहणं ओरडण्यापेक्षा लवकर काम करतं. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून थांबा. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल.

छडी, कान पिळणं, बाकावर उभं करणं, "तुझ्या बापाने शिकवलं का" असली भाषा: काहीही नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गणितात मार खाल्लेलं मूल उत्तर चुकण्याच्या भीतीने बोलायचंच थांबतं, मग ते कुठे चुकतंय हे तुम्हाला कळायचा रस्ताच बंद.

प्रश्न विचारला की तेच चार हात वर. बाकी वर्ग दगडासारखा. काय करू?

प्रश्न विचारून तुम्ही किती वेळ थांबता ते कुणाला तरी मोजायला सांगा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद फळ्यासमोर उभं राहून फार मोठे वाटतात. मनात पाढ्यातल्या तीन ओळी म्हणा.

दुसरं, हात वर करायला लावूच नका. सगळ्यांनी उत्तर वहीत लिहायचं आणि तुम्ही फिरून बघायचं. फिरताना एखादं चुकीचं पण विचार करून लिहिलेलं उत्तर हेरा. फळ्यावर ते नाव न घेता लिहा: "एका वहीत असं दिसलं. हे लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल?" आता बरोबर उत्तरवाल्या चौघांचा पहिला मान गेला, सगळ्यांनाच विचार करावा लागतो. आणि ज्याची वही होती तो बहुतेक वेळा स्वतःच बोलतो.

वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं आहेत, त्यातून सेमी-इंग्रजी. कोणत्या भाषेत शिकवू?

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सोलापुरात गणित न येण्याच्या निम्म्या तक्रारी भाषेच्या असतात.

तुकडी मराठी माध्यमाची असो की सेमीची, शाब्दिक उदाहरणापाशी गाडी अडते. हे बघा: "एका संख्येच्या दुपटीपेक्षा ४ ने कमी असलेली संख्या १६ आहे, तर ती संख्या कोणती?" आकडेमोड चौथीची. पण बरीच मुलं "कमी" हा शब्द बघतात, १६ मधून ४ वजा करतात, १२ च्या निम्मे ६ लिहितात. ताळा केला तर ६ ची दुप्पट १२, त्यातून ४ गेले ८. सोळा कुठे आहेत? उत्तर १० आहे. मुलाला वजाबाकी येते, समीकरण सोडवता येतं. वाक्यात कोण कुणापेक्षा कमी हे कळलेलं नाही.

अशा वेळी वाक्य तोडून वाचायला लावा. "एक संख्या" म्हटलं की एक्स लिहा. "दुपटीपेक्षा" आलं की दोन एक्स. "४ ने कमी" म्हणजे दोन एक्समधून चार काढले. "ती १६ आहे." मग तेच वाक्य मुलाला घरच्या भाषेत शेजाऱ्याला सांगू द्या. तुम्हाला तेलुगू कळत नसेल तरी चालेल. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आणि ऐकणाऱ्याच्या वहीवरून समजतं. मनातल्या मनात आकडेमोड कोणत्या भाषेत चालते याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. "मराठीत बोल" असं दटावलं की मोजणंच थांबतं.

तोंडी आकडा सांगाल तेव्हा फळ्यावर लिहाही. "एकोणसत्तर" ऐकून ७९ लिहिणारी मुलं नववीतही भेटतात आणि मग पुढचं अख्खं उदाहरण चुकतं.

सेमीच्या वर्गात उलट अडचण तुमची होते. पदवी इंग्रजीत, शालेय शिक्षण मराठीत, त्यामुळे श्रेढी, विवेचक, छेदिका, शिरोलंब हे शब्द एका बाजूचे आठवतात तर दुसऱ्या बाजूचे नाहीत. प्रकरण सुरू करण्याआधी दोन्ही माध्यमांची पुस्तकं शेजारी ठेवून शब्दांची जोडयादी करा, वर्गात भिंतीला लावा. समजावणं मराठीत, संज्ञा इंग्रजीत, लिहिणं इंग्रजीत, असं बहुतेक सेमीच्या वर्गांत चालतं आणि ठीक चालतं. उच्चार जमत नाही म्हणून घाबरू नका. मुलांचं लक्ष तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मंही तिकडे नसतं.

"सर, हे क्लासला झालंय." यावर काय बोलायचं?

"छान, मग हे कर." आणि सूत्राशिवायचं काहीतरी द्या. अंकगणिती श्रेढीत पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज सूत्राने सगळे काढतात, १००. आता सूत्र न वापरता १०० का येते ते ठिपक्यांनी दाखवायला सांगा. एक ठिपका, त्याच्याभोवती तीन घालून दोन बाय दोनचा चौरस, त्याच्याभोवती पाच घालून तीन बाय तीनचा. क्लासवाला मुलगा पाच मिनिटं गुंततो आणि ज्याने क्लास लावलेला नाही तोही त्याच ओळीत येतो.

क्लासवर वर्गात टीका करू नका. आईवडील पोटाला चिमटा काढून ती फी भरतात.

सोलापूरची उदाहरणं द्यावीत का? पाठ निरीक्षणात त्याला गुण असतात म्हणे.

गुणांसाठी म्हणून दिलेलं उदाहरण लगेच ओळखू येतं. "एका चादरीची किंमत एक्स रुपये" यात सोलापूर काही नाही. चादरीच्या जागी आंबे घातले तरी फरक पडत नाही.

गणित आतून बदलेल असं उदाहरण शोधा. समरूपता शिकवताना ३० बाय ६० इंचांचा टॉवेल आणि १५ बाय ३० इंचांचा नॅपकिन घ्या. बाजू निम्म्या झाल्या, कापड किती झालं? घरात टॉवेलचा धंदा असलेली मुलंसुद्धा आधी "निम्मं" म्हणतात. घडी घालून दाखवा, एका टॉवेलवर चार नॅपकिन बसतात. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे प्रमेय यानंतर पाठ करावं लागत नाही.

त्रिकोणमितीला शाळेचा ध्वजस्तंभ पुरतो. कोनमापकाला दोरा आणि खोडरबर बांधा, सरळ कडेवरून टोक बघा आणि ४५ अंशांचा कोन मिळेपर्यंत मागे सरका. स्तंभापासूनचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, झाली स्तंभाची उंची. फक्त हे पहिल्या तासाला करा. फेब्रुवारीनंतर दुपारी मैदानावर मुलं नेलीत तर मुख्याध्यापक तुम्हालाच उन्हात उभं करतील.

जपून वापरायचं उदाहरण म्हणजे मजुरी. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, यंत्रमागावरची कामाप्रमाणे, आणि गुणोत्तर-प्रमाणासाठी ते सुरेख उदाहरण आहे. पण "तुझ्या आईला हजारी किती मिळतात?" असं वर्गात विचारू नका. आकडे तुम्ही द्या, ज्याला घरचं सांगायचं असेल तो सांगेल.

आणि दहावीचं अर्थनियोजन शिकवताना जीएसटीचे दर आधी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. दुकानदाराचं पोर वर्गात असतंच, ते टोकणार. उदाहरणात दिलेला दर वापरायचा आणि बाजारात सध्याचा दर असतो, एवढं सांगून पुढे जा.

नववीत असून पाढे येत नाहीत, अपूर्णांकांची बेरीज येत नाही. अशांना बहुपदी कशी शिकवू?

सगळं मागचं भरून काढायला तुमच्याकडे वेळ नाही, ते मनावर घेऊ नका. आजच्या घटकाला मागचं नेमकं काय लागतं ते काढा आणि तेवढंच पाच मिनिटं घ्या. बैजिक राशींचे अवयव पाडायचे असतील तर संख्यांचे अवयव लागतात, अपूर्णांक लागत नाहीत. पाढ्यांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवू द्या. पाढा अडला म्हणून अवयवांची कल्पना अडू नये.

या मुलांना दहावीच्या गुणांचं गणितही समजावून सांगा. भाग १ चे ४०, भाग २ चे ४०, अंतर्गत २० आणि उत्तीर्ण व्हायला ३५. भूमितीच्या रचना, सांख्यिकी, संभाव्यता इथे पाढे कमी आणि नीटनेटकेपणा जास्त लागतो. रचना हाताने सुंदर काढणारा मुलगा बरेचदा हाच असतो. त्याला फळ्यावर मोठा कंपास देऊन बोलवा.

मार्गदर्शक शिक्षक मागच्या बाकावर येऊन बसले की सगळं विसरतो.

त्यांना आधीच एक काम द्या: "बाई, आज मी प्रश्न विचारून थांबतोय का तेवढंच बघाल?" एवढं विचारलंत की त्यांचं लक्ष तुमच्या बारा चुकांवर न फिरता एकीवर राहतं, आणि शेरेही कामाचे मिळतात. नाहीतर "अजून सुधारणेस वाव" हे ठरलेलं आहेच.

त्यांची आणि तुमची पद्धत जुळत नसेल तर वर्गात दाखवू नका. त्यांना पोर्शन पूर्ण करायचा असतो, वर्षाअखेरीस जाब त्यांना द्यावा लागतो. तुम्ही एका प्रमेयावर तीन तास घातलेत तर दोन तास त्यांच्या हिशेबातून जातात. आधी विचारा, मग घाला.

पाठ टाचण (तासाची लेखी तयारी) आणि सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांचा छोटा सराव पाठ) खरंच उपयोगी पडतं का?

टाचणातला उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणांचा भाग कॉलेजसाठी असतो, तो सुंदर अक्षरात लिहा. स्वतःसाठी वेगळी चिठ्ठी करा: पहिलं वाक्य, दोन उदाहरणं, अपेक्षित चुका, आणि वेळ कमी पडला तर काय सोडायचं. शेवटचं महत्त्वाचं. तास ३५ मिनिटांचा असला तरी हजेरी आणि स्थिरस्थावर होणं धरून हातात तिशीच्या आत येतो.

सूक्ष्म अध्यापनाला नाव ठेवणं सोपं आहे, कारण समोर बसलेले "विद्यार्थी" आपलेच मित्र असतात आणि मुद्दाम शहाणपणा करतात. पण ६ मिनिटं शिकवा, प्रत्याभरण (बघणाऱ्यांचे अभिप्राय) घ्या, पुन्हा नियोजन करून पुन्हा शिकवा, हे ३६ मिनिटांचं चक्र फलकलेखन आणि प्रश्नकौशल्यासाठी उत्तम आहे. बाकी कौशल्यं वर्गातच येतात.

अचानक ऑफ तास आला तर?

कापरेकर. देवळालीच्या या शाळामास्तरांचा ६१७४ कुठेही चालतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्यांचं इथेच येतं. ज्याचं येत नाही त्याची वजाबाकी चुकली आहे, आणि ती तो स्वतःच शोधतो. हातच्याची उजळणी फुकटात होते.

निम्मा वर्ग गैरहजर असतो त्या दिवशी नवीन घटक घ्यावा का?

घेऊ नका. ज्या दिवशी पेठेत नळाला पाणी येतं त्या दिवशी पहिल्या तासाला बाक रिकामे दिसतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक असते, तेव्हाही तेच. यात्रेच्या आठवड्यात पाठ निरीक्षण ठरवू नका, प्राध्यापकही मिरवणुकीत अडकतात.

पुस्तकातले क्यूआर कोड, व्हिडिओ वापरू का?

वापरा, पण आधी घरी बघून. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केली. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. व्हिडिओ अर्ध्यात थांबवून "पुढची पायरी काय असेल?" हे विचारायला येत असेल तरच लावा. प्रोजेक्टर चालू होईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि त्या दिवशी वीजही जाते, म्हणून फळ्यावरचा पाठ तयार हवाच.

शेवटच्या दिवशी मुलांना पेन, चॉकलेट वाटायचं का? सगळेच वाटतात.

वाटायचं असेल तर वाटा, वर्गणी मात्र ऐपतीत ठेवा. त्याआधी तुमच्याकडे राहिलेल्या वह्या आणि चाचणीचे पेपर तपासून परत करा. कोणता सरावसंच कुठवर झाला, कोणत्या चुका अजून होतात आणि कोणती सात-आठ मुलं हल्ली बोलायला लागली आहेत हे एका कागदावर लिहून वर्गाच्या गणित शिक्षकांच्या हातात द्या. सोमवारी त्या वर्गावर परत त्यांनाच उभं राहायचं असतं.